पाय रोवणे आणि पाय उचलणे : चिनी युद्धकलेतील स्थैर्याचे विवेचन

१. प्रस्ताव

जुलै महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या सालवड-बोईसरच्या शिवारात आवणी चालू असते. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणांपलीकडे जी भातखाचरे उरली आहेत, त्यांत चिखलणी होते आणि बाया ओळीने वाकून, मागे मागे सरत रोपे लावत जातात. पाहणाऱ्याचे लक्ष त्यांच्या हातांकडे जाते, कारण हात झरझर चालतात. पण या कामातली खरी विद्या पायांत आहे. पोटरीपर्यंत रुतलेला पाय मागे घ्यायचा असेल तर आधी सगळा भार दुसऱ्या पायावर जातो. मग रुतलेल्या पायाची टाच उचलली जाते, पाऊल तिरपे होते, फटीतून हवा आत शिरते आणि चिखलाची पकड सुटते. मोकळे झालेले पाऊल मागे जाते, बोटांनी तळ चाचपते आणि तळ लागल्यावरच भार घेते. नवखा माणूस दोन्ही पायांवर भार तसाच ठेवून पाय सरळ वर ओढतो. चिखल सोडत नाही आणि तो चिखलातच बसतो.

चीनमधील बा-ग्वा-जांग या युद्धकलेतल्या मूळ चालीचे नाव ‘थांग-नी-बू’ असे आहे. त्याचा अर्थ चिखलातून चालण्याची चाल. एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये ही कला शिकवणारे तुंग हाय-छ्वान १८८२ मध्ये वारले. त्यांच्या परंपरेतले शिष्य आजही कोरड्या फरशीवर, पायांखाली चिखल आहे असे मनात धरून, वर्तुळात तासन्‌तास चालतात. त्यांनी कल्पनेत आणलेला चिखल आमच्याकडे दर पावसाळ्यात साक्षात असतो.

सालवडच्या खाचरांचा आणि बीजिंगच्या त्या वर्तुळांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. माणसाचे पाऊल सगळीकडे सारखे आणि गुरुत्वाकर्षणही सारखेच, म्हणून दोन दूरच्या ठिकाणी एकच नियम हाती लागला, एवढेच म्हणायचे आहे. तो नियम कोणता, त्याची अंगे किती, तो कोठे चुकतो आणि कसा साधतो, याचा विचार क्रमाने करू.

२. संज्ञा

चिनी युद्धकलेत पायाच्या स्थैर्याला ‘गन’, म्हणजे मूळ, हा शब्द आहे. ज्याचे मूळ धरले आहे तो ढकलून ढळत नाही आणि ज्याला मूळ नाही त्याच्या हातातली ताकद वाया जाते, अशी समजूत त्या सगळ्या परंपरेत आहे. ताई-चीच्या जुन्या सूत्रग्रंथांत शक्तीचा मार्गच सांगितला आहे : तिचा उगम पायांत, तिला वाट मांड्यांतून, तिचे नियंत्रण कमरेत आणि तिचे प्रकटन बोटांत.

मूळ या शब्दामुळे मात्र एक गैरसमज होतो. झाड एका जागी उभे असते. माणसाने झाडासारखे एका जागी चिकटून राहावे, असा अर्थ नवशिका घेतो आणि पाय ताठ करून उभा राहतो. म्हणून आधी व्याख्या पक्की करू. अंगावर आलेला जोर शरीरात न अडवता जमिनीत पोचवणे, जमिनीचा प्रतिजोर अंगातून हातापर्यंत आणणे, आणि हे चालू असताना कोणतेही पाऊल हव्या त्या क्षणी उचलता येणे, या तिन्ही गोष्टी मिळून ‘मूळ’ होते. पहिल्या दोन आहेत आणि तिसरी नाही, तर त्याला रुतणे म्हणावे लागेल. आवणीतला नवखा माणूस रुतलेला असतो. शेजारची बाई रोवलेली असते.

३. पावलाची रचना

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. ही हाडे सपाट फळीसारखी मांडलेली नसून कमानीसारखी मांडलेली असतात. आतल्या कडेने एक लांब कमान, बाहेरच्या कडेने एक बुटकी कमान आणि आडवी एक, अशा तीन कमानी पाऊल तोलून धरतात. त्यामुळे भार मुख्यतः तीन बिंदूंवर उतरतो : टाच, अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा. तिवईचे तीन पाय ओबडधोबड जमिनीवरही टेकतात, तसेच पाऊलही टेकते.

तळव्यात स्नायूंचे चार थर आहेत. ते लहान असले तरी कमानींचा ताण क्षणोक्षणी कमीजास्त करण्याचे काम त्यांच्याकडे असते. त्यावरच्या कातडीत दाब, कंप आणि ताण टिपणारी ज्ञानतंतूंची टोके असतात. माणसाचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पाय-सांध्यांकडून येणारी संवेदना या तिघांच्या जोरावर सांभाळला जातो. डोळे मिटून, पाय जुळवून उभे राहण्याची जी रॉम्बर्ग चाचणी डॉक्टर घेतात, ती याच तत्त्वावर आहे. डोळ्यांचा आधार काढून घेतला की पायांची संवेदना शाबूत आहे की नाही ते उघडे पडते.

जमीन अचानक हलली की घोट्याभोवतीचे स्नायू साधारण एक दशांश सेकंदात उत्तर देतात. एवढ्या वेळात विचार करणे शक्य नसते, म्हणून मूळ धरणे हे ठरवून करण्याचे काम होऊ शकत नाही. ते आधी अंगवळणी पडलेले असावे लागते. चिनी परंपरेने महिनोन्‌महिने नुसते उभे राहायला सांगितले, त्यामागे हे कारण आहे.

४. तोलाचे गणित

६० किलो वजनाचा एक माणूस घ्या. तो पाय जुळवून उभा आहे आणि दोन्ही पावलांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर २० सेंटिमीटर आहे. त्याचा भारमध्य मधोमध आहे असे धरले, तर कडेपासून तो १० सेंटिमीटर आत राहतो. खांद्यावर, जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर, कुणी बाजूने रेटले तर सुमारे साडेचार किलोभाराच्या जोराने तो कलंडू लागेल. आता त्याने पाय फाकवले, कडांमधले अंतर ८० सेंटिमीटर केले आणि गुडघे वाकवून खांदा १०० सेंटिमीटरवर आणला. त्याला कलंडवायला २४ किलोभार लागेल. माणूस तोच, वजन तेच, आणि स्थैर्य पाचपट झाले.

हा झाला ‘मा-बू’, म्हणजे अश्व पवित्रा. घोड्यावर मांड ठोकल्यासारखा. पण हेच गणित पुढे नेले तर या पवित्र्याचा दोषही दिसतो. त्याच माणसाला समोरून रेटा. आता पाय कितीही फाकवलेले असोत, पुढे-मागे आधार फक्त पावलाच्या लांबीचा, २५ सेंटिमीटरच्या आसपास. सातेक किलोभाराचा रेटा त्याला टाचांवर नेतो. अश्व पवित्रा बाजूने भक्कम आणि समोरून कच्चा असतो. म्हणून समोरून येणाऱ्या जोरासाठी ‘गोंग-बू’, धनुष्य पवित्रा, वेगळा लागतो. त्यात एक पाय पुढे वाकलेला आणि दुसरा मागे रोवलेला असतो. डहाणू-विरार लोकलमध्ये दांडी न धरता उभा राहणारा नेहमीचा प्रवासी हे न शिकवता करतो. गाडीच्या धावेच्या दिशेत एक पाय पुढे, एक मागे ठेवून तो उभा असतो. धावेला आडवे पाय फाकवून उभा राहिलेला माणूस ब्रेक लागताच समोरच्याच्या अंगावर जातो.

आणखी एक अट आहे. २४ किलोभाराचा आडवा रेटा झेलायला जमिनीने तेवढेच घर्षण द्यायला हवे. ६० किलो वजनाच्या मानाने ते चार दशांश होते. कोरडी माती हे सहज देते. ओली गुळगुळीत फरशी देत नाही, आणि तेथे माणूस कलंडण्याआधीच घसरतो. मूळ हा शरीराचा गुण असला तरी अर्धा गुण जमिनीचा आहे, हे विसरू नये.

५. पवित्र्यांचे वर्गीकरण

चिनी युद्धकलेत पवित्रे पुष्कळ आहेत, पण पायांवरच्या भाराच्या वाटणीवरून त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट समभाराचा. अश्व पवित्रा यात येतो. दक्षिण चीनच्या हुंग-गार परंपरेत हा पवित्रा रुंद आणि खोल असतो. तिथल्याच विंग-चुनमध्ये तो अरुंद असून गुडघे व बोटे आत वळवलेली असतात. हा गट मुख्यतः बळ कमावण्याचा आहे. शाओलिन मठातल्या एका मंदिराच्या दगडी फरशीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने पडलेले म्हणून सांगितले जाणारे खळगे आजही दाखवतात.

दुसरा गट विषमभाराचा. धनुष्य पवित्र्यात पुढच्या पायावर जास्त भार असतो. ‘श्यू-बू’, म्हणजे रिकामा पवित्रा, यात जवळजवळ सगळा भार मागच्या पायावर असतो आणि पुढचा पाय नुसता टेकलेला राहतो. लढतीत सर्वांत उपयोगाचा गट हाच, कारण रिकामा पाय कोणत्याही क्षणी लाथ होऊ शकतो, पाऊल होऊ शकतो किंवा मागे जाऊ शकतो.

तिसरा गट एकभाराचा, म्हणजे एका पायावर उभे राहण्याचा. येथे सगळा आधार एका पावलाच्या तिवईवर येतो. पहिल्या दोन गटांत लपलेले दोष येथे लपत नाहीत.

ताई-चीच्या शिकवणीत ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ पाय ओळखण्यावर सर्वाधिक भर आहे. दोन्ही पायांवर भार गोठून राहणे हा तेथे मोठा दोष मानला जातो. ताई-चीत पाऊल टाकताना ते आधी रिकामे टेकवतात आणि मग हळूहळू त्यात भार ओततात. मांजराची चाल असे त्याला म्हणतात. खाचरात मागे सरणाऱ्या बाईचे पाऊल आठवा. आधी तळ चाचपणे आणि मग भार देणे, हाच क्रम तेथे आहे. ताई-चीच्या शिक्षकाला जो दोष शब्दांनी समजावून सांगावा लागतो, तो चिखल एका झटक्यात समजावतो.

बा-ग्वा-जांगच्या चालीत मात्र एक फरक आहे. तिच्यात टाच आणि चवडा एकदम उचलून एकदम टेकवतात आणि पाऊल जमिनीलगत सपाट सरकते. खऱ्या चिखलात टाच आधी सोडवावी लागते. म्हणजे त्या परंपरेने चिखलाची हुबेहूब नक्कल केलेली नाही. चिखलाने जो सावधपणा शिकवला तेवढा उचलला आणि लढतीच्या सोयीने पाऊल सपाट केले.

६. जोराचा मार्ग

तळव्याच्या पुढच्या भागात, चवड्याच्या उंचवट्यांमागे जो खोलगट बिंदू असतो त्याला चिनी वैद्यक ‘योंग-छ्वान’, उसळता झरा, म्हणते. नाभीखालच्या भागाला ‘दान-त्येन’ म्हणतात. उभ्या माणसाचा भारमध्य साधारण याच उंचीवर, ओटीपोटाच्या आत असतो. त्यामुळे ‘लक्ष दान-त्येनमध्ये ठेवा आणि भार झऱ्यावर सोडा’ ही सूचना शरीरशास्त्राच्या भाषेतही अर्थपूर्ण आहे. भारमध्य तिवईच्या आत ठेवा, असेच ती सांगते.

जोर जमिनीत पोचायचा तर वाटेतले सांधे आखडलेले नकोत. खांदे उचललेले असतील तर समोरच्याचा रेटा खांद्यातच अडतो आणि तेथूनच माणूस उलथतो. खांदे, छाती आणि कंबर सैल असली तर तोच रेटा मांडीतून टाचेकडे उतरतो. ‘त्वे-शौ’, म्हणजे एकमेकांचे हात टेकवून रेटण्याचा जोडीचा सराव, याची परीक्षा घेतो. येथे ताकदवान माणूस बहुधा हरतो, कारण तो रेटताना स्वतःच समोरच्यावर रेलतो. समोरचा किंचित बाजूला झाला की त्याचे स्वतःचे पाय हलके पडतात.

बोटांचे काय करावे, हा नेहमीचा प्रश्न आहे. जमीन बोटांनी आवळून धरावी असे नवशिक्याला वाटते. आवळली की बोटांचे सांधे वर येतात, चवड्याचा टेक कमी होतो आणि तळव्याचे स्नायू दमून संवेदना देईनासे होतात. बोटे लांब पसरून नुसती टेकवावीत. गरज पडेल तेव्हा ती आपोआप धरतात.

७. लाल मातीचा अनुभव

महाराष्ट्रात पायाच्या मुळाचा सर्वांत कसून विचार कुस्तीने केला आहे. तालमीतला हौदा ही नुसती मऊ जागा नाही. लाल माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात आणि ती रोज खणून मोकळी करतात. पडणाऱ्याला लागू नये आणि उभा असलेल्याच्या पावलाला टेक मिळावा, या दोन्ही गरजा ती भागवते. चौथ्या भागात सांगितलेला जमिनीचा अर्धा गुण तालमीने असा स्वतःच्या हाताने घडवला.

खडाखडी सुरू झाली की दोन्ही मल्ल वाकून पवित्रा घेतात. गुडघे मऊ, कंबर खाली, भार चवड्यांकडे, एक पाय पुढे. प्रत्येकाचा डोळा समोरच्याच्या पायावर असतो. ज्या पायावर भार येतो त्याचा पट काढायला, म्हणजे तो पाय धरून ओढायला, मल्ल घुसतो, कारण भरलेला पाय लगेच उचलता येत नाही. पट वाचवणारा मल्ल त्याच क्षणी पाय मागे टाकतो. हे ज्याला जमते त्याचा पाय आधीच अर्धा रिकामा असतो. भरलेला आणि रिकामा हा भेद वस्ताद वेगळ्या शब्दांत शिकवतात, पण शिकवतात तोच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीत तयार झाले आणि हेलसिंकीत गादीवर लढले. जमीन बदलली तरी पायांची समज बरोबर गेली.

मल्लखांब ही दुसरी साक्ष. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेल्या या विद्येत दोरीच्या मल्लखांबावर दोर अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मध्ये धरून चढतात. बुटात वाढलेल्या पायाला ही पकड अशक्य वाटते. सराव झालेल्या मुलींना ती हाताच्या पकडीइतकी सहज असते.

आणि तिसरी साक्ष आमच्या पालघर जिल्ह्याची, तारपा नाच. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरणारी अनवाणी साखळी. तारप्याचा सूर बदलला की सगळ्यांची पावले एकदम बदलतात. येथे कुणी कुणाला पाडत नाही, पण प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी ओढ असते. एकाचा भार चुकला तर शेजाऱ्याला लगेच कळते. वर्तुळात चालणे, शेजाऱ्याचा जोर अंगातून जाऊ देणे आणि पाऊल हलके ठेवणे हे बा-ग्वा-जांगचे वर्तुळ आणि त्वे-शौची जोडी एकत्र केल्यासारखे आहे. रात्रभर नाचूनही ते पाय थकत नाहीत, कारण भार कधीच एका पायावर गोठत नाही.

८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की ‘ची’ नावाची ऊर्जा जमिनीत उतरते वगैरे बोलणे अशास्त्रीय आहे. उत्तर : ऊर्जेचा दावा बाजूला ठेवला तरी सूचना टिकते. पायांतून मुळे खाली गेली आहेत अशी कल्पना केल्याने खांदे सैल होतात आणि श्वास खाली जातो. कल्पनेला शरीराची भाषा समजावे, मोजण्याचे प्रमाण समजू नये.

दुसरा आक्षेप असा की खोल पवित्र्यात कुणी लढत नाही, मग त्याचा उपयोग काय? उत्तर : जोर-बैठका मारत तरी कोण कुस्ती लढतो? पवित्रा ही मेहनत आहे. लढतीत माणूस पवित्र्यांमधून जातो, त्यांत थांबत नाही. पवित्र्यात थांबायला शिकवून तेथेच सोडणारा शिक्षक मात्र अर्धीच विद्या देतो, आणि हा आक्षेप त्याच्यापुरता खरा आहे.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे तरुणांचे आहे. याचे उत्तर वैद्यकीय संशोधनाने दिले आहे. १९९६ मध्ये अटलांटा येथे सत्तरीपुढच्या २०० जणांवर झालेल्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या ताई-चीने पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात पार्किन्सन्स झालेल्या १९५ रुग्णांचे तीन गट केले होते. २४ आठवड्यांनंतर ताई-ची करणाऱ्यांचा तोल नुसता ताण देणारे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा आणि वजनाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षाही सरस निघाला.

९. साधनेचा क्रम

सालवडमध्ये आज दोन तऱ्हेचे पाय शेजारी शेजारी राहतात. एक खाचरातले, दुसरे कारखान्यातले. कारखान्यातला पाय जाड तळाच्या सेफ्टी शूजमध्ये पाळीभर सिमेंटवर उभा असतो. बूट काढू नयेत, ते जीव वाचवतात. पण घरी आल्यावर त्या पायाला त्याची गेलेली संवेदना परत द्यावी.

पहिली पायरी उभे राहण्याची. चिनी परंपरेत तिला ‘जान-ज्वांग’, खुंटासारखे उभे राहणे, म्हणतात. वांग श्यांग-जाय यांनी विसाव्या शतकात आपल्या पंथाचा पायाच तिच्यावर रचला. अनवाणी, पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल करून पाच मिनिटे उभे राहा. भार तिन्ही बिंदूंवर आहे का तेवढेच पाहा. दुसरी पायरी भार बदलण्याची. सगळा भार एका पायावर न्या, दुसरा न झुकता उचलता येतो का ते पाहा. झुकावे लागले तर भार पुरता गेलेला नाही. तिसरी पायरी चालण्याची. पाऊल आधी रिकामे टेकवा, मग भरा. चौथी जोडीदाराची. आधीच्या तीन पक्क्या होईपर्यंत चौथीला हात लावू नये.

दोन पथ्ये आहेत. गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेत ठेवावा आणि भार असताना गुडघा पिळू नये. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी अनवाणी सराव करू नये, डॉक्टरांना विचारून मऊ पादत्राणात करावा.

१०. निष्कर्ष

पायाचे मूळ हे वजनात नाही, पवित्र्याच्या खोलीत नाही आणि गुप्त ऊर्जेतही नाही. तळव्याची जाग, सांध्यांचा सैलपणा आणि भाराची स्वच्छ वाटणी या तिघांनी ते बनते. त्याची कसोटी एकच : रोवलेला पाय उचलता आला पाहिजे.

ही विद्या शिकायला चीनला जाण्याची गरज नाही, आणि चिनी गुरूंनी ती जितकी नीट मांडली तितकी आपण मांडलेली नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची मांडणी घ्यावी आणि आपला अनुभव तिच्यावर तपासावा. आवणीला जाणाऱ्या बायकांच्या पायांत, तारप्याच्या फेऱ्यात आणि तालमीच्या हौद्यात तो अनुभव अजून जिवंत आहे. बोईसर-पालघरमध्ये मुलांना युद्धकला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे की येत्या पावसाळ्यात एक दिवस वर्ग बंद ठेवावा, मुलांना घेऊन आवणीला जावे आणि त्या बायांच्या मागे उभे राहून मुलांना एक ओळ लावू द्यावी.